शेवटच्या मोजणीची तारीख

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२. कापसाच्या एका लॉटची पहिली मोजणी चालू होती. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी उगवण तपासणीचं काम बघते. ओल्या कागदावर बिया ओळीत मांडायच्या, कागद गुंडाळायचा, कोपऱ्यात लॉट नंबर आणि तारीख टाकायची, तीही पेन्सिलनेच, कारण पाण्यात शाई फुटते, आणि गुंडाळी उबदार कपाटात उभी करायची. कापूस चौथ्या दिवशी एकदा मोजतात आणि बाराव्या दिवशी शेवटचं. मी तिसरी गुंडाळी उलगडली होती तेवढ्यात ऑफिसातून हाक आली, अमेरिकेचा फोन आहे. माझे धाकटे दीर सुभाष तिकडे ज्याच्या खोलीत राहत होते तो श्रीनिवास बोलत होता. हैदराबादकडचा मुलगा, हिंदी अडखळत. भाऊजी गेले, न्यूमोनियाने. वय एकतीस. मी फोन ठेवला, परत आले आणि उरलेल्या गुंडाळ्या मोजून संपवल्या. कामावरच्या बायका नंतर त्यावरून बोलल्या. बोलू देत. उलगडलेला कागद वाळतो, आणि मला त्या वेळी दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं...

१९८१ साली लग्न होऊन मी शहागडहून जालन्यात आले तेव्हा भाऊजी पाचवीत होते. सासूबाई आदल्याच वर्षी गेलेल्या, त्यामुळे घरात बाई म्हणून मीच. पहिल्याच आठवड्यात ताटातली भाकरी वर धरून ते म्हणाले, "वैनी, भाकरीला कोपरे कसे काय आले हो?" मी म्हणाले, "मंग कोपरे मोडून ठेवा आन् मधलं खा." ते खरोखर कोपरे मोडून खायला लागले. तिथून आमचं जमलं. वह्या मी बघायचे, आजारपण मी काढायचे, शाळेतून तक्रार आली तर मीच जायचे. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे यजमान, स्टील मिलमध्ये पाळीवर. तेव्हा काहीही ठरवायचं असलं की भाऊजी आधी माझ्याकडे येत, आणि मी सांगेन ते करत. ही सवय पुढेही गेली नाही.

१९९१ मध्ये आमच्या शेठनी कंपनीसाठी कॉम्प्युटर घेतला. तो काही महिने चादरीखाली झाकून होता. त्या खोलीत चपला काढून जायचं, पण आत गेल्यावर करायचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊजी औरंगाबादहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेले. मी शेठना सांगितलं, ठेवून बघा. भाऊजी दोन महिने माझ्याशेजारी स्टुलावर बसले. मी काय करते, का करते, एकेक पायरी वहीत लिहून घेतली आणि सगळ्या लॉटांची नोंद ठेवणारा प्रोग्राम तयार केला. कुठला लॉट पास, कुठला नापास, शेठना बसल्या जागी दिसायला लागलं. सहा वर्षं तो चालला. मग बियाण्याच्या धंद्यात मोठ्या कंपन्या शिरल्या, शेठनी हैदराबादची एक भागीदार कंपनी घेतली, आणि तिने ठरवलं की कॉम्प्युटरचं सगळं काम हैदराबादहूनच चालेल. नोटीस अडीच ओळींची होती. तोवर कॉम्प्युटरवर चौघं झाले होते, त्यांतून एकट्या भाऊजींना तिकडे बोलावलं. तिथून ते एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले आणि त्या कंपनीने ९९ च्या सुरुवातीला त्यांना अमेरिकेला पाठवलं. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले होते, सन दोन हजार उजाडलं की यंत्रं गोंधळणार, ते सगळं दुरुस्त करायचं काम.

पहिल्याच फोनवर हसत म्हणाले, "वैनी, ही चूक तर म्याबी केल्ती. तुमच्या चिठ्ठ्यांवर नुसतं ९१ असायचं, मी तसंच घेतलं."

"म्हंजे माझ्या पेन्सिलीनं अमेरिकेला गेलात."

"बिलकुल. शेठला सांगा, पेन्सिलीला पगारवाढ द्या."

दोन हजार साल आलं, काही बुडालं नाही. भाऊजींना दुसरं काम मिळालं. लग्नाचं विचारलं की पुढच्या वर्षी म्हणत. पण २००१ मध्ये तिकडचा धंदा बसला आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्या कंपनीने त्यांचा अख्खा विभाग बंद केला. ओळखीच्या एका लहान कंपनीने त्यांना नावापुरतं ठेवून घेतलं, काम मिळेल तेव्हा पगार. रविवारी सकाळी फोन आला.

"वैनी, मी परत येऊन राह्यलो."

"इथं येऊन काय करता?"

"तुमची कपाटं पुसतो. न्हाईतर भाकरीचे कोपरे मोडतो."

मला हसू आलं नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत आता रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे होते, ते मी रोज बघत होते. मी म्हणाले, "भाऊजी, ही पहिली मोजणी हाय. पहिल्या मोजणीवर कुणी लॉट नापास करतं का? बाराव्या दिवसापर्यंत थांबा."

"आन् बी उगवलंच न्हाई तर?"

"कडक बी उशिरा फुगतं. मेलेलं नसतं ते. थांबल्याशिवाय कळत न्हाई."

ते म्हणाले, "बराबर."

वीस वर्षं उगवण तपासून मी एवढी साधी गोष्ट विसरले. कपाटात ऊब आणि पाणी आम्ही राखतो, म्हणून बियाला थांबता येतं. भाऊजींसाठी तिकडे कोण राखत होतं? नोकरीबरोबर दवाखान्याचा विमाही गेला होता, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जानेवारीअखेरीस फोनवर खोकत होते. मी म्हणाले, हळद घालून दूध घ्या. दहा दिवस ताप अंगावर काढला, डॉक्टरचा खर्च नको म्हणून. श्रीनिवासने जबरदस्तीने नेलं तेव्हा उशीर झाला होता.

मार्चच्या मधल्या एका रविवारी श्रीनिवास अस्थी आणि एक बॅग घेऊन जालन्याला आला. दुपारी शहागडला जाऊन आम्ही अस्थी गोदावरीत सोडल्या. बॅगेत स्वेटर, डिप्लोमाचं सर्टिफिकेट आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कागदाची गुंडाळी. तिकडे स्वयंपाकघरात हात पुसायला जाड मऊ कागद असतो, त्याची. श्रीनिवास म्हणाला, ही ओट्याजवळ उभी असायची, टाकवली नाही. मी उलगडली. आत मटकी, एक ओळ सोडून एक, मी मांडते तशीच. कागद कोरडा होता. त्याला पाणी लागलेलंच नव्हतं. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं : लॉट नंबर १, सुभाष. शेवटची मोजणी २८ फेब्रुवारी २००२. साल पूर्ण चार आकड्यांत. श्रीनिवासला विचारलं, ही तारीख कशाची? तो म्हणाला, एक मार्चचं घरी परतायचं तिकीट काढून ठेवलं होतं. मी थांबा म्हणाले नसते, तर ते दिवाळीतच आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला कामावर गेले. ती मटकी आमच्या कागदावर मांडली, कागद भिजवला, जास्तीचं पाणी निथळू दिलं, गुंडाळी केली आणि कापसाच्या गुंडाळ्यांमध्ये कपाटात उभी केली. कोपऱ्यात पेन्सिलने त्यांचं नाव लिहिलं. शेवटच्या मोजणीची तारीख लिहिली नाही.