दुसऱ्या भोंग्याची भाकरी

"अर्धांग नाही," डॉक्टर म्हणाले. "यांची साखर संपलीय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. स्ट्रेचरवर माझी आई पडली होती. डोळे अर्धवट उघडे, पदर घामानं ओलाचिंब, हाक मारली तरी हुं नाही का चूं नाही. तिला मधुमेह होता. अंगात साखर जास्त म्हणून आमच्या घरातला गुळाचा डबा माळ्यावर गेला होता आणि संक्रांतीला आम्ही तिळगुळाऐवजी नुसते तीळ वाटून गल्लीत हसं करून घेतलं होतं. आणि आता हे डॉक्टर सांगत होते की साखर संपलीय!

"साहेब, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," मी म्हणालो. "साखरेचीच पेशंट आहे ती."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि सिस्टरकडं हात पुढं केला.

सिस्टरनं पिचकारीएवढी काचेची सिरिंज त्यांच्या हातात दिली. आत ग्लुकोज होतं, म्हणजे सरळ सरळ साखरेचं पाणी. तीन वर्षं ज्या बाईला मी चहात चिमूटभर साखर घेऊ दिली नाही, तिच्या शिरेत डोळ्यांदेखत साखर ओतली जात होती. मी भिंतीला टेकलो. ती भिंत नव्हती, कापडी पडदा होता. मी पडद्यासकट पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो. सिस्टर वळून म्हणाल्या, "एक पेशंट पुरे आहे. तुम्ही उभे राहा."

सिरिंज संपायच्या आत आईनं डोळे उघडले. आढ्याकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "दत्तू, दुसरा भोंगा झाला का रं?"

डॉक्टरांना वाटलं, अजून भ्रमात आहे. मला मात्र त्या एका प्रश्नात सगळं कळलं, आणि पुन्हा बसावंसं वाटलं.

आता मागचं सांगतो, नाहीतर तुम्हालाही डॉक्टरांसारखं व्हायचं.

आईनं उभी हयात मिलच्या रीलिंग खात्यात काढली. सूत गुंडाळायचं काम. वडील लवकर गेले, आम्हाला तिनं त्या सुतावर वाढवलं. मिलचा सकाळचा पहिला भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्याला भाकरी खायची, तिसऱ्याला फाटकात. रिटायर झाली तरी ही शिस्त सुटली नाही. दुसरा भोंगा होईपर्यंत पंचपक्वान्नाचं ताट पुढं ठेवा, शिवायची नाही. "भोंग्याआदी घास घशाखाली उतरत न्हाय," म्हणायची. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. पाहुण्यारावळ्यांत हा किस्सा मीच रंगवून सांगायचो.

त्या उन्हाळ्यात तिच्या पायाच्या करंगळीला जखम झाली. चपलेचा साधा पट्टा लागला होता. पण साखरेच्या माणसाची जखम लवकर भरत नाही. रोज ड्रेसिंग हवं, रोज सकाळी इन्सुलिनची सुई हवी. इन्सुलिन म्हणजे अंगातली साखर उतरवणारं औषध. घरी हे कोण करणार? मी चादरींच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं घड्या उलगडणारा माणूस. सुई बघितली की माझीच घडी होते. माझी बायको शालन धीराची, पण सुई तिलाही जमेना.

म्हणून भवानी पेठेतल्या एका शुश्रूषागृहात आईला ठेवलं. दवाखान्याएवढा आजार नाही, पण घरी झेपत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ते होतं. मोजक्या खाटा, अंगणात कडुनिंब, आणि कमलाबाई नावाच्या नर्स. कमलाबाई आईची वेणी घालायच्या, तिच्या मिलच्या गोष्टी ऐकायच्या. डबा घरचाच. आईच्या सवयीप्रमाणं त्यांनी सगळं बसवून दिलं होतं: पहिल्या भोंग्याला सुई, दुसऱ्याला भाकरी. डॉक्टरांनीही मान डोलावली, कारण त्या सुईनंतर अर्ध्या तासानं खायचंच असतं. "घरच्यापरीस बरं हाय हितं," आई म्हणायची. शालनला ते जरा लागायचं, पण खरं होतं.

आणि मग मिलमध्ये संप झाला.

गावभर चर्चा होती. दुकानात मी स्वतः त्यावर तावातावानं बोललो. पण संप झाला म्हणजे भोंगा होणार नाही, आणि भोंगा झाला नाही म्हणजे आई खाणार नाही, हे त्रैराशिक आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संपाच्या पहिल्याच सकाळी कमलाबाईंनी घड्याळ बघून सुई दिली आणि ड्यूटी संपवून त्या घरी गेल्या. दिवसपाळीच्या बाईंनी आईपुढं भाकरी ठेवली. आईला वाटलं, आज सुई लवकर दिली, अजून पहिलाच भोंगा व्हायचाय. भाकरी मांडीवर घेऊन ती वाट बघत बसली.

मी चहा घेऊन पोचलो तेव्हा ती घामानं डबडबली होती. मला बघून म्हणाली, "मुकादम, सूत तुटलंय. म्या एकटीनं किती गाठी मारू?"

"आई, मी दत्तू."

"तुमचं नाव कशाला सांगता? दुसऱ्या बाया कुटं गेल्या?"

मला आधी हसू आलं. अजून लाज वाटते, पण आलं. मग तिची मान एका बाजूला गेली आणि हातातली भाकरी खाली पडली. कुणी अर्धांग म्हटलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. डॉक्टर तिथं दुपारी यायचे. "मोठ्या दवाखान्यात न्या, थांबू नका," दिवसपाळीच्या बाई म्हणाल्या. टांग्यात आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी रस्ताभर "आई, आई" करत होतो. टांगेवालाही घोड्याला नुसतं "चल बाबा, चल" म्हणत होता. चाबूक त्यानं उचललाच नाही.

तर हे असं. डॉक्टरांनी नंतर मला नाव सांगितलं: हायपोग्लायसेमिया. साखर एकदम खाली जाणं. सुई घेतली आणि वर खाल्लं नाही, की औषध अंगातली आहे ती साखरही उतरवतं. मेंदू साखरेवर चालतो. ती संपली की घाम, थरथर, बडबड आणि मग शुद्ध जाते. तुमच्या घरी सुई घेणारं माणूस असेल तर एवढं लक्षात ठेवा. बडबड करतंय तोवर, गिळता येतंय तोवर, आधी साखर द्या आणि मग डॉक्टर गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे सांगितलंही असेल. मी तेव्हा भोंग्याचा किस्सा सांगत असेन.

आई उठून बसली, चहा प्यायली, तोही साखरेचा. "लई दिसांनी चहावानी चहा," म्हणाली. मला वाटलं, सुटलो, आता परत कमलाबाईंकडं. पण डॉक्टरांनी पायाची पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा बदलला. करंगळी काळी पडली होती.

"इथंच राहू द्या," ते म्हणाले. मला बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकतो. "करंगळी काढावी लागेल. पाय वाचवायचा तर इन्सुलिन वाढवायला हवं. पण वाढवल्यावर या अशा उपाशी राहिल्या, तर पुढच्या वेळी कदाचित उठणार नाहीत. खाण्याची खात्री नसेल तर मी इन्सुलिन वाढवणार नाही. आणि नाही वाढवलं तर पाय राहणार नाही."

एका भाकरीच्या तुकड्यावर आईचा पाय आणि आईचा जीव, दोन्ही.

शुश्रूषागृहातून दवाखान्यात येणं म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं. तिथं आई 'आक्का' होती, इथं खिडकीकडची खाट झाली. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, मधून ट्रॉली ढकलत जाणाऱ्या एकट्या सिस्टर. वेणी कोण घालणार? पहिल्या दिवशी मला फार राग आला. मग बघितलं, त्या बाईंचे डोळे ट्रॉलीबरोबर फिरत नव्हते. पार टोकाच्या खाटेवरचं सलाईन थांबलं तर त्यांना इकडून कळायचं. रोज लघवी तपासायच्या. निळ्या औषधात थेंब टाकून नळी दिव्यावर तापवायची. निळी राहिली तर साखर नाही, हिरवी म्हणजे थोडी, विटकरी म्हणजे खूप. आईची नळी विटेसारखीच निघायची.

आणि आई सकाळचं खात नव्हती. सिस्टर समोर असल्या की घास तोंडात घ्यायची, त्या वळल्या की तो पदरात. दुसऱ्या दिवशी तिच्या पदरातून उंदराच्या संसाराला पुरेल एवढी भाकरी निघाली. डॉक्टरांनी सुई नावापुरतीच ठेवली, प्रमाण वाढवलं नाही. करंगळीचं ऑपरेशन पुढं ढकललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून लांबवर भोंगा ऐकू आला. मी आनंदानं उडालोच. "आई, झाला बघ भोंगा! खा."

तिनं कान दिला आणि तोंड फिरवलं. "त्यो दुसऱ्या मिलचा."

"अगं, भोंगा तो भोंगा."

"त्यो त्येंचा. आपला न्हाय."

शेजारच्या खाटेवर एक तेलुगू विणकर बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आक्का, तुमचा भोंगा संपावर आहे. पोट पण संपावर आहे काय?" सगळा वॉर्ड हसला. आई नाही हसली. हळूच मला म्हणाली, "दत्तू, म्या हट्ट करत न्हाय रं. गिळाय जाते, तर हितं आडतंय." तिनं गळ्याला हात लावला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईला रडताना मी वडील गेल्यावरही पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी काय केलं, ते सांगायला खरं तर धाडस लागतं. मी पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. वॉर्डाच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हातांचा तोंडाशी कर्णा केला आणि मिलच्या भोंग्यासारखा ओरडलो.

सिस्टर धावत आल्या. "हा वॉर्ड आहे का बाजार? बाहेर व्हा!"

पण आई खाटेवर सरळ बसली होती. "आसा न्हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आपला आसा न्हाय वरडत. तू म्हशीवानी वरडलास. आपला आदी खालून येतो, मग वर चढतो, आन शेवटाला उचकी लागल्यागत तुटतो."

मी सिस्टरकडं बघितलं. त्यांनी आईकडं बघितलं, ताटलीतल्या भाकरीकडं बघितलं आणि पाठ फिरवून ट्रॉलीवरच्या बाटल्या लावू लागल्या. आता लावायच्या बाटल्या काही उरल्या नव्हत्या.

मी पुन्हा ओरडलो. खालून, मग वर, आणि शेवटी उचकी.

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि गिळला. मग दुसरा. पदर रिकामा, ताटली रिकामी. सिस्टर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या वेळेवर या. आणि जरा हळू."

दुसऱ्या दिवसापासून दारात पाऊल टाकलं की हाक यायची, "आले का भोंगेवाले?" डॉक्टरांनीही एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आज संप नाही ना?" सुई वाढली. नळी विटकरीची पिवळी झाली, मग हिरवी. करंगळी काढली, पाय राहिला. जखम गुलाबी दिसू लागली त्या दिवशी सिस्टरनं मला बोलावून बघायला लावलं. "गुलाबी म्हणजे जिवंत," त्या म्हणाल्या. इतका सुंदर रंग मी दुकानातल्या एकाही चादरीवर पाहिलेला नाही.

घरी सोडायच्या आधी त्यांनी मला सुई द्यायला शिकवलं. काचेची सिरिंज कशी उकळायची, औषध कसं ओढायचं. मी आधी संत्र्याला सुया टोचल्या. पहिल्या संत्र्याला टोचताना मी डोळे मिटले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ते ओरडणार नाही. ओरडणारे तुम्हीच आहात." निघताना मी त्यांच्यासमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, "सुईआधी खाणं समोर असू द्या. बाकी काही नको." आणि ट्रॉली घेऊन पुढच्या खाटेकडं गेल्या. कमलाबाईंनी मायेनं आईची सवय सांभाळली, या सिस्टरनी नजरेनं तिचा जीव सांभाळला. मला दोघींत उणं-अधिक करता येत नाही. पण पूर्वी मला माया फक्त वेणीत दिसायची. आता ट्रॉलीतही दिसते.

घरी रोज सकाळी मी सुई द्यायचो, सगळं आवरायचो आणि दारात उभा राहून भोंगा करायचो. आमची मुलं शरमेनं पांघरुणात शिरायची. गल्लीतल्या दोन घरांनी त्यावर चूल पेटवायला सुरुवात केली.

मग एके दिवशी संप मिटला. सकाळी पहिला भोंगा स्टोव्हच्या आवाजात बुडाला, पण मी सिरिंज पुसत असताना मिलचा दुसरा भोंगा झाला. खालून आला, वर चढला, उचकी लागून तुटला. खराखुरा. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, सुटलो बाबा, आपली नोकरी संपली. जरा वाईटही वाटलं.

आत येऊन बघतो तर आई भाकरी पुढं घेऊन बसलेली, हात मांडीवर.

"आई, खा की. सुई देऊन किती वेळ झाला. भोंगा झाला, ऐकला नाहीस?"

"ऐकला."

"मग?"

"त्यो त्येंचा," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी दारात गेलो, तोंडाशी हात धरले.