नियत बद

रविवारी दुपारी मराठवाड्यातल्या मानवतला श्रीरामच्या घरी जो खेळ चाले, त्यात पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. श्रीराम गोष्ट सांगे. त्याची बायको कावेरी आणि बालमित्र परमेश्वर त्या गोष्टीतली माणसे होत, आणि कुठे अडले की फासे टाकत. नियमपुस्तक इंग्रजी, ते श्रीरामने स्वतः मराठीत आणले होते. शाळेत भाषा शिकवणारा माणूस, एकेका शब्दासाठी आठवडा घालवी. आपले पात्र भले की दुष्ट, हे प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचे असे. त्या रकान्याला त्याने नाव दिले होते 'नियत'. बाजू दोन: नेक आणि बद. या मुलखात याहून ओळखीचे शब्द कोणते?

बाकीचे सोबती पुण्याला पांगले होते. जीव लावायला गावात उरला होता एकटा परमेश्वर. उन्हाळ्यात त्याचे वडील गेले. परभणीच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्याने ऑक्सिजनची नळी काढायला लावून त्यांना घराकडे आणले. वाटेतच सारे संपले. त्यानंतर तो आज प्रथमच खेळायला आला होता.

गोष्टीतल्या गावात साथ पसरली होती. परमेश्वर वेशीवरचा पहारेकरी; नियत नेक. आतली लेकरे वाचावीत म्हणून त्याने वेस लावून घेतली. बाहेर एक आजारी म्हातारा राहिला.

श्रीरामने सवयीने कागद ओढला आणि 'नेक' खोडले. "आता तुझी नियत बद."

"काय म्हनलास?"

"नियम हाय, परम्या. म्हाताऱ्याला मरायला सोडलंस."

"मनावर घेऊ नका, भाऊजी," कावेरी म्हणाली. "ह्यांची नियत तर रोजच बद. सकाळी डब्यातला गूळ चोरून खातेत."

परमेश्वर हसला नाही. "तेराव्याला भावकी हेच म्हनली, मास्तर. नियत फिरली म्हून बापाची नळी काढली. ते निस्तं बोलले. तू लिहून दिलास."

चहा तसाच ठेवून तो गेला.

श्रीरामने कागद पुन्हा समोर ओढला. तो रकाना निकाल देण्यासाठी नव्हताच. आपण कोण व्हायचे ठरवले होते, ते खेळणाऱ्याला वेस लावण्याआधी आठवावे, त्याने क्षणभर थांबावे, एवढ्यासाठी तो होता. हा पहारेकरी वेस लावील का? लावली, तर त्याला झोप लागेल का? हे विचारायचे काम गोष्ट सांगणाऱ्याचे. श्रीरामने विचारले नव्हते. परमेश्वर दवाखान्यातून आला तेव्हाही विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी तो नवा कागद घेऊन परमेश्वरच्या दारात उभा राहिला. 'नियत' काढून तिथे 'कल' लिहिले होते.

"शब्द बदलला मी."

"वेस तर लागली ना?"

श्रीरामने कागद खिशात घातला. "परम्या, त्या दिवशी दवाखान्यात काय झालं रे?"



"आता इचारायलास?" परमेश्वर म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतले.