मुलाखतीतला डिझेलचा विनोद

पीएच.डी.च्या मुलाखतीत मी विषय म्हणून इराणचं नाव घेतलं, तेव्हा विभागप्रमुखांनी पहिला प्रश्न विचारला, "वडील काय करतात?"

"दारव्हा ते यवतमाळ जीप चालवतात, सर."

"मग बरोबर! डिझेल तिकडूनच येतं ना!"

समिती हसली. मीही थोडी हसले. त्या हसण्याचाच राग जास्त टिकला. "कापसाच्या बाजारावर करा," सर म्हणाले, "इराण तुम्हाला झेपायचं नाही." निवड यादीत माझं नाव नव्हतं. घरी मी सांगितलं, जागाच भरल्या होत्या.

पुढे दिल्लीत प्रवेश मिळाला. फारसी शिकले, इराणी बायकांच्या नोकऱ्यांवर प्रबंध लिहिला, आता दिल्लीतच शिकवते. माझं काही छापून आलं की सगळ्यात आधी सरांचा चेहरा आठवायचा. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे.

मध्यंतरी इराणच्या बातम्या वाढल्या तसा सरांचा फोन आला. निवृत्तीनंतर ते यवतमाळात व्याख्यानमाला चालवतात. मी लगेच हो म्हटलं. बाबांनाही सोबत नेलं. ओळख करून देताना सर म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. हिच्यातली चमक मी पहिल्याच भेटीत ओळखली होती."

मी गोझिनेशवर बोलले. इराणमध्ये सरकारी नोकरी देण्याआधी उमेदवाराची जी चौकशी होते, तिचं हे नाव. तुम्हाला काय येतं यापेक्षा तुम्ही कसे, कोणातले, हे तिथं पाहतात, शेजाऱ्यांनाही विचारतात. "हे समजायला मला पुस्तक लागलं नाही," मी म्हणाले आणि माझी मुलाखत जशीच्या तशी सांगितली. डिझेलसकट. नाव कोणाचंच घेतलं नाही. फक्त सरांकडे बघत राहिले, सगळं सभागृह त्यांच्याकडे बघायला लागेपर्यंत.

बाबा शेवटच्या रांगेत होते. त्यांचा विचार मी केलाच नव्हता.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तू तं मले म्हने, जागा भरल्या."

"तुमाले वाईट वाटलं असतं, बाबा."

तेवढ्यात सर चहाचे कप घेऊन आले. "अहो, लहानशी गंमत होती ती. मनावर घेऊ नका."

"मंग हसा ना साहेब," बाबा शांतपणे म्हणाले. "आता काहून नाही हसून राह्यले?"

सर कप पुढे धरून उभे राहिले. मी घेतला नाही. बाबांनीही नाही.