टेंपोचा उंबरा

लेकानं आज राहायची गाडी आणली. आत शेगडी, पलंग, सगळं आहे. डिझेलचा वास आला आणि आमचा टेंपो आठवला.

लग्नानंतर आम्हाला घर नव्हतं. हे टेंपोतून गावोगाव भांडी विकायचे, संसारही त्यातच मांडायचा होता. राधानगरीच्या रस्त्यावर, हिरव्यागार भाताजवळ, मी खालीच उभी राहिले. उंबरा नसलेल्या घरात पहिलं पाऊल कसं टाकायचं, हे लाजेनं विचारता येईना. यांनी ओळखलं. विक्रीतलं पितळी माप तांदळानं भरून टेंपोच्या मागच्या फळीवर ठेवलं.

"फळी हाय की. ये आत."

उंच पाय टाकताना माप बाहेरच कलंडलं. तांदूळ घरात सांडायचे, ते रस्त्यावर सांडले. तेवढ्यात कोंबड्या धावत आल्या.

हे म्हणाले, "बघ, पावणं आलं जेवायला."

तेव्हा मी हसायलाही लाजले होते. मघाशी सून गाडीत चढायला निघाली. तिला म्हटलं, "थांब गं," आणि तेच माप आणायला घरात गेले.