गोणपाटाचा चेंडू

नंदुरबारला वडील मिरचीच्या पथारीवर राखणदार होते. पथारी म्हणजे उघडं मैदान. व्यापारी तिथे ओली लाल मिरची पसरून वाळवत. मैदानाच्या कडेलाच आमची खोली होती. मी तेव्हा मॅट्रिकला होते. आमच्या घरात इतकं शिकलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, आणि मुलीला शिकवता म्हणून वडिलांना बरंच ऐकून घ्यावं लागे.

त्या हिवाळ्यात खापर गावच्या आत्याचा कुत्रा आमच्याकडे आला. आत्याचे यजमान वारल्यापासून तो दारात नुसता पडून असायचा. माणसांत मन रमेल म्हणून आत्याने त्याला वडिलांबरोबर पाठवलं. पथारीवर शेळ्या घुसून मिरची तुडवत, त्यामुळे पथारीच्या मालकाला, शेठनाही कुत्रा हवाच होता. पण हा इथेही पडूनच राहिला. शेळ्या खुशाल त्याला ओलांडून जायच्या.

"हाऊ कुत्रा शे का उशी शे?" हमाल विचारायचे.

शेठ आधी हसले. मग म्हणाले, "संक्रांतीनंतर ट्रक विसरवाडीला जाईल, त्यात याला बसवा. तिथल्या हॉटेलवाल्याला देऊन टाकू."

विसरवाडीच्या रस्त्यावर बस आणि ट्रकांची सतत ये-जा. हा वाटेतून उठणारा प्राणी नव्हे, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वडिलांनी मान डोलावली. नोकरी शेठची होती.

याला खेळायची गोडी लागली तर हा धावेलही, असं मला वाटलं. फाटक्या गोणपाटात चिंध्या भरून मी चेंडू शिवला आणि त्याच्यापुढे टाकला. त्याने नाक लावलं, मान झटकली आणि तोंड फिरवलं. शाळेतून आल्यावर मी तो चेंडू घरंगळवायचे, त्याच्या नाकाशी धरायचे, चेंडूवर भाकरीचा तुकडा ठेवायचे. तो भाकरीलाही शिवायचा नाही. "दुखमा शे बिचारा," आई म्हणायची. मलाही हळूहळू तेच पटायला लागलं.

संक्रांतीला आत्या आली. पथारीत पाऊल टाकलं आणि तिला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. तिला पाहून कुत्रा उठला, शेपूट हलवू लागला. हीच वेळ आहे म्हणून मी धावत जाऊन चेंडू आणला आणि त्याच्या तोंडाशी नेला. तो जोरात शिंकला. त्याच्यामागे लगेच आत्याही शिंकली.

आत्याने चेंडू हातात घेतला, हुंगला आणि लांब फेकला.

"अरे, मिरचीनं पोतं शे हाई! त्याले येडा म्हनतस? येडा तुम्हीच शेतस!"

आम्ही आपापले हात हुंगून पाहिले. आमच्या अंथरुणाला, कपड्यांना, माझ्या पुस्तकांनाही तोच वास होता. आमच्यापैकी कोणालाच तो येत नव्हता.

आत्याने आपल्या गाठोड्यातल्या धुतलेल्या लुगड्याची पट्टी फाडली, तिला मोठी गाठ मारली आणि मला म्हणाली, "हात धुई ये पहिले." मी राखेने हात चोळून धुतले. गाठ मी सवयीने त्याच्या तोंडाकडे न्यायला लागले तर तिने हात धरला. त्याच्यापासून दूर, जमिनीवरून फरपटत न्यायची, असं तिने सांगितलं. मी तसं केलं. त्याने मान उचलली. मग पंजा ठेवला. मग दातांत धरून ओढली.

"सोड व माय, जिकू दे त्याले!"

मी सोडली. गाठ तोंडात घेऊन तो खोलीभोवती पळत सुटला. आत्या पदराने डोळे पुसत हसत होती. मिरची काही इतकी झोंबत नसावी.

ट्रक आला त्या सकाळी आमची ओढाओढ चालूच होती. तेवढ्यात एका शेळीने कापडाचं लोंबतं टोक चघळायला घेतलं. कुत्रा आधी चकित झाला. मग असा भुंकला की हमालांच्या हातातली फावडी थांबली. त्याने तिला फाटकापार पळवलं, मग दुसरीला, आणि ऐटीत परत येऊन कापड उचललं.

शेठ ट्रकला टेकून उभे होते. ते ड्रायव्हरला म्हणाले, "चल, निघ तू. उशी राहू दे इथेच."

ट्रक गेला. वडील रांजणाशी गेले, दोन्ही हात स्वच्छ धुतले, आणि खाली बसून कापडाचं दुसरं टोक धरलं.