एक जूनचं पान

विश्राम सूर्यवंशींना इथल्या मराठी मंडळात ‘तारीखवाले’ म्हणतात. रोज सकाळी सहाला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश येतो. आज कुठल्या गायकाचा जन्म, कुठल्या सारंगीवाल्याचं निधन, कुठल्या गावी कुणाची बैठक रंगली होती. चंदीगडला बदलीवर आलेली आमची माणसं चहा पिता पिता तो वाचतात, हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि कामाला लागतात.

एकोणनव्वद साली केंद्र सरकारच्या बदलीवर ते इथे आले आणि परत गेले नाहीत. कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या एका कचेरीच्या दफ्तरखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं कागद सांभाळले. निवृत्तीनंतर चंदीगडजवळच्या खरड गावात फ्लॅट घेतला, तो नेमका माझ्या खालच्या मजल्यावर. घराणं धाराशिवकडच्या संबळ वाजवणाऱ्यांचं. स्वतःला वाजवता येत नाही, याची खंत त्यांनी कागदावर भरून काढली. एक जाड रजिस्टर आहे, वर्षाच्या दर दिवसाला एक पान, एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा. मोठ्यांच्या तारखा कुठेही मिळतात. हे धुंडाळतात ते लहानांना: गावोगावचे सनईवाले, कीर्तनातले पेटीवाले, बँडचे मास्तर. दोन पुरावे मिळेपर्यंत नाव पेन्सिलीत राहतं, मिळाले की शाईत.

एक पान मात्र सगळं पेन्सिलीत होतं. एक जूनचं. एकेचाळीस नावं, वरून चिकटवलेले दोन कागद.

“बाई, तुम्ही मास्तरलोकांनी अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्माला घातलात,” ते मला म्हणायचे.

चंदीगडला यायच्या आधी दोन वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. आईबाप पोराला घेऊन यायचे, जन्म कधीचा विचारलं की “म्हायती न्हाई” म्हणायचे, आणि आम्ही पोराच्या उंचीकडे बघून एक जून लिहायचो. त्या दिवशी वय पूर्ण धरलं की पहिलीत घेता येई. माझ्या हातच्या तशा तीसेक पोरांचे वाढदिवस आजही कुठेतरी त्याच दिवशी होत असतील. अडाणी माणसं, त्यांना तारीख कुठली ठाऊक, असं आम्ही धरून चाललो होतो.

विश्रामरावांच्या पत्नी शैलजाबाई अशाच एक जूनच्या. घरी त्यांना शेवंता म्हणत. शैलजा हे नाव आणि जन्मतारीख मास्तरांनी एका दमात दिली. त्यांचे वडील, आप्पा, खंडोबाच्या देवळातले सनईवाले. आई त्या दीड वर्षाच्या असताना गेली, आणि तिची तिथी कुणाला आठवत नाही म्हणून श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला होई, एवढंच त्यांना सांगितलेलं. शैलजाबाई कमी बोलायच्या, पण वडिलांचा विषय निघाला की चेहरा उजळायचा. वीस जानेवारीला विश्रामरावांच्या संदेशात आप्पांचं नाव असे: सन एकोणीसशे बासष्ट, पौषी पौर्णिमेची जत्रा, पालखीपुढे सलग सात तास सनईवादन. देवस्थानची स्मरणिका आणि एका जुन्या पुजाऱ्याचं पत्र, असे दोन पुरावे, त्यामुळे नोंद पक्क्या शाईत. त्या दिवशी शैलजाबाई गोड शिरा करून आम्हा शेजाऱ्यांना वाटायच्या.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखू लागलं. मोठ्या सरकारी इस्पितळात तपासण्या झाल्या तेव्हा रोग स्वादुपिंडातून यकृतापर्यंत गेलेला होता. तिथे ऋता म्हणून सातारची एक डॉक्टर मुलगी आहे. तिने विश्रामरावांना बाजूला घेऊन मराठीतच सांगितलं, “काका, महिने धरू नका. आठवडेही फार धरू नका.”

इस्पितळात प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक सुईआधी, नाव आणि जन्मतारीख विचारतात. मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यावरही तेच. शैलजाबाई दरवेळी एक जून एकोणीसशे एकसष्ट सांगायच्या आणि परिचारिका पट्टीशी ताडून मान हलवायची. पाचसहा दिवस हे चाललं. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा त्या नवऱ्याला म्हणत होत्या, “सगळ्या जगाच्या तारखा शोधल्यात. माझी एक शोधा की.”

“आता कशाला, शैला?”

“हातावर खोटी तारीख बांधून जायचं का मी?” आवाज चढला नव्हता. “आयुष्यभर मास्तरांच्या दिवशी वाढदिवस केला. एकदा माझ्या दिवशी करू दे.”

विश्रामराव उठून खिडकीशी गेले. गेली चाळीस वर्षं ज्या पानावर त्यांनी एकेचाळीस माणसांसाठी पत्रं धाडली होती, त्यात बायकोचं नाव त्यांनी कधी घातलंच नव्हतं. ती वाजवणारी नव्हती, म्हणून.

ठाऊक असेल तर एकाच माणसाला असणार होतं: शैलजाबाईंचे थोरले भाऊ गजानन. गावीच असतात, पासष्टीचे, अजून देवळात सनई वाजवतात. विश्रामरावांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, आठवत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, शेतात आहे, आवाज येत नाही. तिसऱ्यांदा, डिसेंबरच्या पाच तारखेला, विश्रामरावांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर उन्हात बसून फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. मी शेजारी होते, उठायला लागले तर त्यांनी हाताने बसवलं.

“दाजी, कशापायी उकरून काढताय?” गजाननराव म्हणाले. “दिस गेले, माणसं गेली.”

“ती मागतेय. तुमची बहीण मागतेय. तिच्याजवळ दिवस नाहीत, गजाननराव.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“आप्पांनी मला बेलभंडार उचलाया लावला व्हता.”

“मग तो माझ्या नावावर घाला. पाप लागलं तर मला लागू दे.”

“तुमाला गंमत वाटती का? देवाची आण हाय.”

“गंमत करायला मी इथे बसलो नाही.”

गजाननराव खोकले. मग थांबून थांबून, एकेक वाक्य खाली ठेवावं तसं सांगत गेले. आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, सहा कोसांवर. इकडे पौषी पौर्णिमेची जत्रा. पहाटे पालखी उचलली, आप्पा पुढे वाजवत होते. मामा चालत आला. पोरगी झाली होती आणि पोरीमागोमाग आई गेली होती. पालखी देवळाबाहेर असेस्तोवर सनई थांबवत नाहीत. आणि सुतक लागलेल्याने देवापुढे वाजवायचं नाही. गावात दुसरा सनईवाला नव्हता.

“मामानं कानात सांगितलं. आप्पांनी मान हलवली न् वाजवत ऱ्हायले. पालखी परत टेकंस्तोवर. सात तास. लोक म्हणले, असा कदी वाजला नव्हता.” फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. “कुणाला कळलं असतं तर देऊळ बाटवलं म्हणून गावानं हाकलला असता. म्हणून आई आजोळीच आजारी पडलीया म्हणले, न् मग मागनं गेली असं सांगितलं, लई मागनं. तिकडं आजोळी बायका पोरीला पांढऱ्या पायाची म्हणाया लागल्या, तवा आप्पा तिला उचलून हिकडं घिऊन आले. शाळंत मास्तरनं इचारलं, जन्म कदीचा. आप्पा म्हणले, म्हायती न्हाई.”

“त्यांना माहीत होतं.”

“त्यांच्याबिगर कुणाला म्हायती असणार, दाजी? मरायच्या आदल्या वर्षी मला देवळामागं नेऊन सांगितलं, एकदाच. आता तुमी तिला सांगा न्हाईतर नका सांगू. माजं तोंड आता उघडायचं न्हाई.”

फोन बंद झाला. विश्रामरावांनी तो खिशात टाकला. म्हणाले, “बाई, दर वर्षी मी तो दिवस सकाळी सहाला सगळ्यांना पाठवत होतो. आणि तिला शिरा करायला लावत होतो.”

मी म्हटलं, “तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक नसणं हे काय कारण झालं?”

बाकावर बसल्या बसल्या ते मनाशी हिशेब मांडत होते, ते दिसत होतं. वीस जानेवारी हा शब्द तोंडातून निघाला की ती विचारणार, त्या दिवशी तर आप्पा पालखीपुढे होते ना? आणि मग एका प्रश्नामागून दुसरा. ती हुशार बाई, दोन प्रश्नांत आईपर्यंत पोचली असती. जन्मभर वडिलांनी जे तिच्यापासून राखलं ते शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी येऊन बसलं असतं. शिवाय जानेवारीला सात आठवडे होते, आणि ऋताने आठवडे धरू नका म्हणून सांगितलं होतं.

ते उठले, तोंडावर पाणी मारून आत गेले. मी मागोमाग गेले.

“लागली का?” शैलजाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

“लागली. नऊ डिसेंबर.”

त्यांनी डोळे उघडले. “म्हणजे ह्या सोमवारी?”

“ह्या सोमवारी.”

“पक्कं? तुमचे ते दोन पुरावे?”

विश्रामराव अडखळले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“एक तुमचे भाऊ,” मी म्हटलं. “आणि दुसरा शाळेच्या जुन्या वहीत निघाला. मीच चौकशी केली.”

“शाळेनंच तर घोळ घातला होता,” त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. “शेवटी शाळेनंच निस्तरला म्हणायचा. ते आणखी कोण कोण आहे माझ्या दिवशी?”

विश्रामरावांना रजिस्टर लागत नाही. त्यांनी सांगितलं: सोलापूरकडचा एक बँडमास्तर, पेटी दुरुस्त करणारे एक आंधळे कारागीर, आणि एक बाई, ज्यांनी चाळीस वर्षं एका मठात पहाटेची भूपाळी म्हटली.

“बरी माणसं आहेत,” त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांची मुलगी अवनी मोहालीतल्या एयरोसिटीहून केक घेऊन आली. अवनी इकडेच वाढली, इकडेच नोकरी करते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. “मम्मी, एक बाइट तो बनता है यार,” म्हणून तिने बोटावर थोडं क्रीम घेऊन आईच्या ओठांना लावलं. शैलजाबाईंना पाणीही उतरत नव्हतं, पण ते त्यांनी चाटलं. ऋताने गाणं म्हटलं, शेजारच्या खाटेवरच्या सरदारणीने टाळ्या वाजवल्या. शैलजाबाईंनी परिचारिकेला पट्टीवरची तारीख बदलायला सांगितलं. ती म्हणाली, “माताजी, सिस्टम में आधार वाली ही रहेगी.” तेव्हा त्यांनी मुलीसमोर हात धरला. अवनीने पर्समधून पेन काढलं, छापलेल्या तारखेवर दोन रेघा मारल्या आणि वर ०९/१२ लिहिलं. प्लॅस्टिकवर शाई धरेना, म्हणून तिने तीनदा गिरवलं. विश्रामराव पायाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तेरा तारखेला दुपारी शैलजाबाई गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्या कुणाला ओळखत नव्हत्या. न्यायच्या वेळी कर्मचाऱ्याने पट्टी कापायला कात्री काढली, तर अवनी म्हणाली, राहू द्या, मम्मीला हवी होती. ती तशीच राहिली.

तेरावं झाल्यावर अवनीने बापाला सांगितलं की दर वर्षी नऊ डिसेंबरला ती आईच्या नावाने इस्पितळाबाहेर लंगर लावणार. विश्रामराव हो म्हणाले. गेल्या महिन्यात ते वर माझ्याकडे आले होते, चहा घेतला. म्हणाले की आप्पांनी एकदा खोटं सांगितलं आणि जन्मभर वागवलं, आपल्याला अजून वर्षसुद्धा झालं नाही तर छाती दुखते. तारीखवाल्याने तारीख बनवली, बाई.

मी विचारलं, अवनीला कधी सांगणार?

“तिने सरदारणींना सांगून ठेवलंय, गुरुद्वाऱ्यात नाव दिलंय. आता कुठल्या तोंडाने सांगू?” मग कप खाली ठेवून म्हणाले, “तुम्ही लिहून ठेवा. कुठेतरी खरं लिहिलेलं असू दे.”

“आणि तिच्या हाती पडलं तर?”

“पडू दे,” ते म्हणाले. “हिंदीमुळे अक्षरं लागतात तिला, पण मराठी पान ती कधी उघडत नाही. घरात मराठी वाचणारा आता मी एकटाच आहे.”