दादूसचा पाहुणा

शिंक येणार असली की दादूसचा डावा हात आधी खिशात जायचा. खिशाच्या आतून तो जांघेवर घट्ट बसायचा. मग दादूस वर पत्र्याकडे बघायचा, "थांब रं पावण्या" म्हणायचा आणि शिंकायचा. त्या शिंकेने पनवेलच्या मासळी बाजारातली मांजरं जी सुटायची, ती थेट रोडपालीला जाऊन थांबायची. काही तिकडेच स्थायिक झाली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, रोडपालीच्या मांजरांना अजून ताज्या-शिळ्याची चांगली पारख आहे.

माझं दुकान बाजारासमोरच आहे, वजनकाटे दुरुस्तीचं. दिवसभर लोकांचे काटे खरे करायचे म्हणजे संध्याकाळपर्यंत तोंडाला थोडंफार खोटं लागतंच. तेवढं तुम्ही समजून घ्याल. पण दादूसबद्दल सांगतोय त्यातली वजनं सोडली तर बाकी सगळं खरं आहे.

तो बर्फ वाहायचा. टेम्पोतून लादी ओढायची, पाठीवर गोणपाट, गोणपाटावर लादी, आणि वाकून कोळणींच्या ओट्यापर्यंत. बाकीचे दोघं मिळून एक लादी न्यायचे, हा एकटा. एकदा लादीवर एक गिऱ्हाईक टेकलं होतं, पापलेटचा भाव करत. दादूसने गिऱ्हाइकासकट लादी उचलली. गिऱ्हाइकाला ते पोचल्यावर कळलं, तोवर भाव वाढला होता. लादीचं वजन किती ते मी मुद्दाम सांगत नाही. माझा धंदाच तो, लोक विश्वास ठेवतात.

आता पाहुण्याचं सांगतो. त्याला हर्निया होता. डाव्या जांघेत पोटाची भिंत विरली होती आणि तिथून आतडं बाहेर डोकवायचं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती गाठ लिंबाएवढी होती. दोन-तीन वर्षांत मोसंब्यावर आली. दुसऱ्या कोणाला सांगायची असती तर मी ती नारळाएवढी सांगितली असती, पण तुमच्याशी खरं बोलतो, मोसंबंच. सकाळी ओझं उचललं की ती वर यायची. दुपारी काम संपलं की दादूस बर्फाच्या खोलीबाहेरच्या फळीवर आडवा व्हायचा, पाय माशांच्या क्रेटवर, आणि गाठ हळूहळू आत जायची. उठायचा आणि शर्ट झटकत म्हणायचा, "गेला पावणा."

हा शब्द त्याचाच. हर्निया म्हणायला त्याला लाज वाटायची. चारचौघांत, त्यात बायकांनी भरलेल्या बाजारात, असल्या जागेचं नाव कसं घ्यायचं? पाहुणा म्हटलं की कोणाला काही कळत नाही. शब्दाचा अर्थ तिघांनाच माहीत होता, त्याला, त्याच्या बायकोला आणि मला. त्याची बायको त्याच बाजारात मासे विकायची. आम्ही सगळे तिला वैनी म्हणायचो. घरी गेल्यावर ती रोज विचारायची, "पावणा गेला का?" तो म्हणायचा, "दुपारीच."

घरात सून नवीन आलेली. सासऱ्याच्या जांघेतल्या गोष्टी सुनेला कोण सांगणार? तिने रोजचं हे बोलणं ऐकलं आणि सरळ हिशेब लावला, की सासऱ्याकडे बाजारात कोणीतरी गरीब माणूस रोज सकाळी येतो आणि दुपारी जातो. पोरगी मायाळू. तिने दादूसच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या घालायला सुरुवात केली. "मामा, ह्या पावण्याला." सासऱ्याला ती मामा म्हणायची. दादूसने काही खुलासा केला नाही. एक भाकरी तो खायचा, एक मला द्यायचा. म्हणायचा, "खा काटेवाले, पावण्याच्या नावची हाय." त्या पाहुण्याच्या भाकऱ्यांवर माझं पोट एवढं सुटलं की मी स्वतः माझ्या काट्यावर चढणं बंद केलं.

एकदा मी त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. जवळचेच सर्जन, शांत माणूस. त्यांनी दादूसला उभं केलं, पँट खाली घ्यायला लावली आणि म्हणाले, "खोका."

दादूस खोकेना.

"अहो, खोका जरा."

"खिसा नाय ना डाक्टर," दादूस म्हणाला. "खिशाबिगर खोकू कसा?"

डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं. ही गोष्ट गोळीने जात नाही, पट्ट्याने जात नाही, भोक आहे ते शिवावं लागतं. "आज आत जातंय म्हणून तुम्ही निवांत. एक दिवस ते त्या भोकात अडकेल. आवळलं गेलं की आतड्याचा रक्तपुरवठा बंद. मग आतडं सडायला वेळ लागत नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागली, उलटी झाली, की दाबत बसायचं नाही, चोळायचं नाही. काही खायचं-प्यायचं नाही. उठून इकडे यायचं."

दादूसने सगळं ऐकलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "आन मंग वजन कवा उचलायचा?"

"काही आठवडे नाही उचलायचं."

तिथेच ऑपरेशन बारगळलं. बाहेर पडताना म्हणाला, "पावसाल्यात करू. बोटी बंद असतात तवा." पावसाळा आला. म्हणाला, "पावसाल्यात जखम सुकत नाय. थंडीत करू." थंडीत मासळी जोरात, बर्फ जोरात. म्हणाला, "उन्हाल्यात करू." उन्हाळ्यात बर्फवाला आजारी पडला तर आख्ख्या पनवेलचे मासे त्याला शिव्या देतील असं त्याचं म्हणणं. असं करत त्याने कॅलेंडरमधले सगळे महिने वापरून संपवले. मी मेडिकलमधून पट्टा आणून दिला, तो त्याने बर्फाचं गोणपाट बांधायला घेतला. "लय मजबूत हाय," म्हणाला. मी म्हटलं, "दादूस, मरशील." तो म्हणाला, "पावणा माज्या घरचा हाय, काटेवाले. मना कशाला मारंल?"

तो दिवस आला तेव्हा मी उरणला एका दुकानाचा काटा बघायला गेलो होतो. वैनीही उरणलाच होती, बहिणीच्या पोरीच्या हळदीला. पहाटेच गेली आणि गडबडीत मोबाईल घरीच, पनवेलजवळच्या विचुंब्यात, विसरली. पुढचं सगळं मला बाजारातल्या लोकांनी आणि सुनेने सांगितलं आहे. त्यात मी माझं काही घातलेलं नाही. मला घालवतच नाही.

सकाळी लादी उचलताना दादूस एकदम खाली बसला. फळीवर आडवा झाला, पाय क्रेटवर. पाहुणा जाईना. गाठ दगडासारखी. बराच वेळ पडून राहिला, दाबून बघितलं, बर्फ लावून बघितला. मग बायकोला फोन लावला. उचलला सुनेने.

"आई हळदीला गेल्यात, मामा. फोन हितंच हाय. काय सांगू?"

दादूस म्हणाला, "ती आली की सांग तिला. पावणा आज जात नाय."

"सकालधरनं?"

"सकालधरनं. लय तरास देतो."

"असू द्या ना मामा," सून म्हणाली. "एक दिवस राह्यला तर काय झाला? जेवायलाच आना घरी."

त्या क्षणी एक शब्द बोलायचा होता. हर्निया. किंवा नुसतं 'पोटात दुखतंय' म्हणाला असता तरी चाललं असतं. पण पलीकडे सून होती. एकट्याने पाठीवर बर्फाची लादी पेलणाऱ्या माणसाला तो शब्द काही उचलवला नाही. "बरा," म्हणाला आणि फोन ठेवला.

सुनेने इकडे पदर खोचला. एवढ्या दिवसांचा पाहुणा पहिल्यांदा घरी येणार. तिने सुरमईचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, स्टीलची नवी ताटं काढली. दादूस रिक्षाने घरी आला, एकटाच, पोटाशी वाकलेला. तिने त्याच्या मागे जिन्यात डोकावून बघितलं.

"पावणा कुठंय?"

"हाय," दादूस म्हणाला. "आलाय." आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

थोड्या वेळाने त्याला उलटी झाली. मग पुन्हा. तिने विचारलं, "डाक्टरकं जाऊ या का?" तो म्हणाला, "तुजी सासू येऊ दे." तिने ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, पाठ चोळून दिली. मुलगा न्हावा बंदरात कामाला, ड्युटीवर फोन आत नेत नाहीत. ताटं मांडलेली तशीच होती.

दुपार कलली तेव्हा वैनी आली, केसांत हळदीचा गजरा. सुनेने दारातच सांगितलं, "आई, मामांचा पावणा सकालधरनं जात नाय म्हनं. पन मना काय तो दिसला नाय."

वैनीने हातातली पिशवी तिथेच टाकली. मग ती जे ओरडली ते शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेलं. "अगं, हर्निया हाय तो! हर्निया!" त्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला आणि एकदम सगळ्या मजल्यांना कळला. सून मला सांगत होती की कालवणाच्या भांड्याकडे बघत ती नुसती उभी राहिली होती.

मी उरणहून आलो तोवर त्याच डॉक्टरांनी त्याला ऑपरेशनला आत घेतलं होतं. नंतर डॉक्टर बाहेर आले. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हतेच. म्हणाले, आतडं काळं पडलं होतं. तेवढा तुकडा कापून काढला, पण ते फुटलं होतं, घाण पोटात पसरली, रक्तात विष गेलंय. मी विचारलं, सकाळी आला असता तर? ते म्हणाले, "सकाळी आला असता तर बहुतेक आत ढकलून, शिवून, दोन दिवसांत घरी पाठवला असता. मग त्याने मला पुन्हा विचारलं असतं, वजन कधी उचलायचं."

दादूस काही दिवस काढून गेला. त्यातल्या एका दिवशी त्याला जरा शुद्ध होती. मला जवळ बोलावलं. म्हणाला, "काटेवाले, बरफ कोन न्हेतो?"

"दोघं मिळून नेतात."

त्याला ते बरं वाटलं. मग म्हणाला, "पोरीला कोन काय बोललं तर तू बोल. तिचा काय चुकला नाय. तिनी पावण्याला ताट मांडला." थोड्या वेळाने म्हणाला, "सुरमईचा वास लय भारी येत व्हता रं. खावता आला नाय."

खोकला आला तेव्हा त्याचा डावा हात चादरीवर खिसा शोधत फिरला. मी माझा हात दिला. दादूसचा हात बर्फासारखा थंड होता, असं मी लिहिणार होतो. पण नव्हता. तापाने फणफणला होता.

आता वैनीच्या ओट्यावर सून बसते. पहिले काही महिने मान खाली घालून मासे कापायची. मग एके दिवशी एक हमाल तिच्यासमोर खोकला, खिशात हात घालून. तिने कोयता लाकडावर आपटला आणि भर बाजारात विचारलं, "काका, हर्निया हाय का?" काकांच्या हातून पिशवी पडली. तेव्हापासून ती कोणाला सोडत नाही. निवृत्त हेडमास्तरांना विचारलं. बँकेच्या मॅनेजरला विचारलं, तेही बायको शेजारी उभी असताना. लग्न ठरवायला आलेल्या व्याह्यांना विचारल्यामुळे एक सोयरीक मोडता मोडता राहिली, असं म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो. त्या हमालाचं ऑपरेशन झालं. बर्फाच्या जोडीतल्या एकाचं झालं. पनवेलमधले पुरुष आता बाजारात शिरताना हात बाहेर काढून चालतात, पोलिसांनी पकडल्यासारखे.

परवा मी बोंबील घ्यायला गेलो. घसा खवखवत होता. खोकलो, आणि नेमका तेव्हाच डावा हात खिशात गेला.

कोयता थांबला.

"काटेवाले काका. हर्निया हाय का?"

"नाही गं. मोबाईल आहे."

"दाखवा."

सगळ्या ओट्यांवरच्या बायका बघायला लागल्या. मी मोबाईल काढून दाखवला. तिने मोबाईल बघितला, मग माझ्याकडे बघितलं. हसली नाही.

"खिसा उलटा करा."

मी दोन्ही खिसे उलटे करून उभा राहिलो. मग तिने बोंबील तोलायला घेतले.